बाहेरगावचा कोट

कोट शिवून गिऱ्हाइकाच्या हातात दिला की शिंप्याचं काम संपतं. मास्तरांचं तिथून पुढे सुरू व्हायचं.

आपण शिवलेला कोट आता कुठे असेल, कुणी तो खिळ्याला तर अडकवला नसेल, पावसात भिजला तर नसेल, हात वर केल्यावर बाही ओढत असेल का, या विचारांनी त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. गिऱ्हाइकाच्या लग्नाला ते आमंत्रण असो वा नसो, जायचेच. जेवायला थांबत नसत. मांडवाच्या कडेला उभे राहून नवरदेवाकडे एकटक बघत राहायचे. अंगात पांढरा हाफ शर्ट आणि लेंगा, गळ्यात मापाचा टेप. कुणी विचारलं, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?" तर म्हणायचे, "कोटाकडचा."

एका स्वागतसमारंभात त्यांना नवऱ्याची उजवी बाही डावीपेक्षा दोन दोरे लांब दिसली. भेटायला आलेल्या लोकांच्या रांगेत मास्तर निमूट उभे राहिले, पुढे गेल्यावर नारळ दिला, आणि तिथेच खिशातून सुईदोरा काढून बाही आतून टाचायला लागले. त्या लग्नाच्या अल्बममध्ये हा फोटो आहे म्हणतात. नवरी हसतेय, नवऱ्याने बांगड्या भरायला द्यावा तसा हात पुढे केलाय आणि मास्तर दाताने दोरा तोडतायत. नवरा पुढे तो फोटो कौतुकाने दाखवायला दुकानात आला. मास्तरांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "कोट घेऊन या. आता डावी आखूड वाटतेय."

दुकान पेठेतल्या एका अरुंद बोळात होतं. पुढे दुकान, पडद्यामागे घर. दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं, "अर्जंट हा शब्द चपलांबरोबर बाहेर ठेवावा." आणि त्याखाली, "बाहेरगावचे कोट शिवले जात नाहीत." बाहेरगाव म्हणजे कुठवर, यालाही नियम होता. सातारा चालायचा, नगर चालायचं, सोलापूर ओढूनताणून. एसटीने सकाळी निघून कोट बघून संध्याकाळी घरी येता आलं पाहिजे. त्यापलीकडचं सगळं त्यांच्या लेखी परदेश. आणि नेमक्या त्याच काळात पुण्यातली मुलं घरटी एक याप्रमाणे खऱ्या परदेशी जायला लागली होती. संगणकाच्या कंपन्यांतली पोरं व्हिसा हातात पडला की सुटासाठी धावायची. बाकीच्या शिंप्यांना दिवस अपुरा पडायला लागला आणि मास्तर एकेकाला दारातून परत पाठवायला लागले. "जो कोट मला दिसणार नाही तो मी शिवत नाही," म्हणायचे. "तिथे काही झालं तर मी काय करू इथे बसून?"

मीही त्या परत पाठवायच्या लोकांतलीच.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि कंपनीने मला जर्मनीत, स्टुटगार्टला, एका कारखान्याच्या कामावर पाठवलं होतं. आठ जणांच्या गटात मी एकटी बाई, एकटी भारतीय, आणि उंची चार फूट अकरा इंच. पहिल्याच आठवड्यात मी मीटिंगच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते. एक साहेब आत आले आणि मला अगदी सभ्यपणे म्हणाले, दोन कॉफी आणता का? मी आणल्या. मग त्याच खोलीत, त्यांच्याचसमोर, मी पाऊण तास आमचं सगळं काम समजावून सांगितलं. त्यांनी कॉफीला हात लावला नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. माझंही सगळं लक्ष त्या गार होणाऱ्या कपांकडे.

दोन वर्षांनी आमचा गटप्रमुख नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी मी किंवा आमच्यातला एक उंचापुरा जर्मन, दोघांपैकी एकाला घेणार होते. नोव्हेंबरात पाच जणांच्या समितीसमोर बसायचं होतं. काम मला येत होतं, त्याची भीती नव्हती. भीती दार उघडून आत जाण्याची होती. पुन्हा कुणी कॉफी मागितली तर? म्हणून सूट घ्यायचं ठरवलं. तिथल्या दुकानांत बायकांचे कोट माझ्या बोटांच्या टोकापर्यंत यायचे आणि खांदे दंडावर उतरायचे. शेवटी एका दुकानातली बाई फार मायेने माझा हात धरून मला वरच्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे, चर्चमधल्या समारंभाला घालायचे सूट होते. त्यातला एक मला जवळजवळ बसला. पितळी बटणं, त्यांवर जहाजाचा नांगर. आरशात बघितलं तर कुणाच्या तरी लग्नात आलेला मुलगा दिसत होता. मी बाईंचे आभार मानले आणि जिना उतरताना मला रडू आलं. तिथल्या एका चांगल्या शिंप्याकडे चौकशी केली, तर त्याला फेब्रुवारीपर्यंत वेळ नव्हता.

सप्टेंबरात दोन आठवड्यांची रजा घेऊन पुण्यात, वारज्याला घरी आले. कोपऱ्यावरच्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी चार दिवसांत एक कोट शिवून दिला. तो आईला फार आवडला, यावरून तो कसा होता याची कल्पना यावी. उरले दहा दिवस. मला जेवण जाईना. तेव्हा आप्पा, माझे वडील, म्हणाले, "मास्तरांकडे जाऊ."

आप्पांचा कोट मास्तरांनीच शिवला होता. आमच्या लहानपणी घरात दोन कोट, एक भिंतीवर तसबिरीत आणि एक कपाटात, आप्पांचा. आप्पा तो वर्षातून दोनदा घालायचे, जयंतीला आणि दीक्षेच्या दिवशी. तो शिवून घेतला तेव्हा त्यांना पाटबंधारे खात्यात कारकुनाची नोकरी नुकतीच लागली होती. त्याआधी शिकता शिकता ते भवानी पेठेत धान्याची पोती उचलायचे. मार्केट यार्ड तेव्हा व्हायचं होतं. पहिल्या पगाराचा कोट शिवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पण बोळात शिरून दुकानापाशी आल्यावर आत जायचा धीर होईना. पेठेतलं दुकान, आत कुणी काय विचारील याचा भरवसा नव्हता. तेव्हा तरुण असलेले मास्तर आतूनच ओरडले, "अहो, आत या. कोट रस्त्यात शिवत नाहीत." त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आप्पांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उजवा उतरलाय. ओझं उचलत होतात?" आप्पा ओशाळून हो म्हणाले. मास्तर म्हणाले, "कोटाला कळू देणार नाही." आप्पांनी हे आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. आणि दर वेळी सांगताना त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर जायचा.

तर आम्ही गेलो. मास्तरांनी आप्पांना ओळखलं, म्हणजे त्यांच्या खांद्याला ओळखलं. माझं काम ऐकल्यावर मात्र मान हलवली.

"पहिलं म्हणजे मी बायकांचे कोट शिवत नाही. दुसरं म्हणजे जर्मनी सोलापूरच्या पुढे आहे."

"मास्तर, दहा दिवस आहेत फक्त," मी म्हटलं.

"दहा दिवसांत कोट होत नाही, ताई. दहा दिवसांत पोतं होतं. ते कुणीही शिवून देईल."

मी उठले. पण दारातून बाहेर पडण्याआधी, का कोण जाणे, त्यांना त्या मुलांच्या मजल्याबद्दल सांगितलं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. पितळी बटणांबद्दलही सांगितलं. आप्पा खाली बघत होते.

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या बाईंनी तुमचा खांदा बघितला का?"

"नाही. उंची बघितली."

"उंचीवर कोट शिवतात होय?" ते एकदम चिडले, जणू त्या दुकानातली बाई समोरच उभी होती. "इतकी मोठमोठी दुकानं आणि उंची बघतात!" मग त्यांनी आतल्या दिशेने हाक मारली, "अगं, पडदा ओढून घे. माप आहे."

माप काकूंनी घेतलं, मास्तरांच्या पत्नीने. मी आणि काकू पडद्याच्या आत, मास्तर बाहेर वही घेऊन पाठमोरे. काकू आकडा सांगायच्या आणि बाहेरून विचारणा व्हायची. "श्वास सोडल्यावरचा की घेतल्यावरचा?" "अहो, सोडल्यावरचा." "मुलगी घाबरलेली आहे. चहा देऊन पुन्हा घे." मला चहा दिला. मग दुकानात बसवून एक पत्र लिहायला लावलं, खाली पडलेली टाचणी उचलायला लावली, फळीवरचं पुस्तक काढायला लावलं. मला वाटलं, म्हातारा माप विसरून भलतंच करायला लागलाय. ते सगळं मापच चाललं होतं. "आकडे अंगाचे असतात," ते आप्पांना सांगत होते, "कोट सवयींवर बसतो. मुलगी बोलताना डावा हात हलवते. डाव्या काखेत जागा सोडायला हवी."

कापड निवडताना मी करड्या रंगावर बोट ठेवलं. आप्पा नुसते गडद निळ्या गठ्ठ्यापाशी जाऊन उभे राहिले. मी निळं घेतलं.

मास्तरांनी अटी वहीत लिहून माझ्याकडून सही घेतली. कोट तयार झाल्यावर जर्मनीला पाठवला जाईल. पहिल्यांदा घातल्यावर सविस्तर पत्र लिहायचं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी फोटो, समोरून, पाठीमागून, बाजूने आणि एक बसून. इस्त्री करायची नाही, गरम पाण्याच्या वाफेत टांगायचा. मी सही केली. नोव्हेंबरच्या आत कोट मिळणार या एका गोष्टीसाठी मी तेव्हा कशावरही सही केली असती.

जायच्या आदल्या दिवशी कच्च्या शिलाईची ट्रायल झाली. मास्तर माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "हं." काकू हळूच म्हणाल्या, "हं म्हणाले म्हणजे बरा झालाय. वाईट असता तर बसले असते."

जर्मनीत परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दर रविवारी आप्पांचा फोन यायचा आणि दर रविवारी कोट अजून मास्तरांकडेच असायचा. ऑक्टोबर अर्धा संपला. "काय म्हणतात?" "पाठ त्यांना पटत नाहीये." पुढच्या रविवारी, "पाठ पटली. आता बाहीचं काहीतरी मनात आलंय." मी ऑफिसात कामापेक्षा कॅलेंडरच जास्त बघायला लागले. एका रविवारी आप्पा म्हणाले, "त्यांना तू दिसायला हवीस. म्हणतात, मुलगी आठवतेय तशीच आहे का, याची खात्री वाटत नाही."

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. संगणकाला जोडलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून समोरचा माणूस दिसायचा, म्हणजे धक्क्याधक्क्याने दिसायचा. आप्पा मास्तरांना तिथे घेऊन गेले. ठरल्या वेळी मी माझ्या खोलीत संगणकासमोर उभी राहिले. पडद्यावर आप्पांचा कान आणि त्यामागे मास्तरांचं अर्धं कपाळ आलं. आवाज मात्र खणखणीत.

"दोन्ही हात वर करा."

केले. चार सेकंदांनी माझे हात त्यांना दिसले असावेत, कारण तेवढ्याच उशिराने ते म्हणाले, "आता खाली." मग, "चाला." मी चालायला लागले आणि कॅमेऱ्यातून बाहेर गेले. "कुठे गेली? अहो, मुलगी गेली कुठे?" मास्तर घाबरून ओरडले. मी परत आले. मग त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि संगणकाच्या काचेला लावला. मागून कॅफेवाला म्हणाला, "आजोबा, स्क्रीनला हात लावू नका." मास्तरांनी मान न वळवता उत्तर दिलं, "हात लावत नाहीये. माप घेतोय." त्यांनी माझा चित्रातला खांदा मोजला, आप्पांना आकडा लिहायला लावला, आणि मग म्हणाले, "बारीक झाल्या आहात. जेवत नाही का?" मी हसले. हसता हसता मला जाणवलं की या महिन्याभरात मला हे कुणीच विचारलेलं नाही. आप्पांनीसुद्धा नाही, आप्पांना तेवढं दिसलंच नव्हतं.

माझ्या ऑफिसातला, दुसऱ्या गटातला एक मराठी सहकारी तेव्हा सुट्टीवर पुण्यात आला होता, घर धायरीला. त्याच्याबरोबर कोट पाठवायचं ठरलं. मास्तर पीएमटीच्या बसने स्वतः धायरीला गेले. बसमध्ये गर्दी नव्हती, तरी सगळा रस्ता ते हँगर उंच धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "बसा की, काका." मास्तर म्हणाले, "कोटाला बसता येत नाही." सहकाऱ्याच्या घरी त्यांनी तासभर सूचना दिल्या. कोट सामानात टाकायचा नाही, विमानात मांडीवर घ्यायचा, शेजारच्याला चिकटू द्यायचा नाही. तो सहकारी मला पुढे म्हणाला, "माझ्या आईने मला निरोप देताना इतकं सांगितलं नाही."

समितीच्या दोन दिवस आधी कोट माझ्या हातात आला. मी खोलीचं दार लावून घातला. आरशात कुणी मुलगा नव्हता. मी होते, तेवढीच बुटकी, पण जणू माझी उंची तेवढीच असायची ठरलेली होती. मी डावा हात हलवून बघितला. कुठे ओढ नाही, चुणी नाही. मग बसले, उठले, टाचणी उचलल्यासारखी वाकले. त्या रात्री खूप दिवसांनी पोटभर जेवले.

मुलाखतीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पाच जण होते. मी दार उघडून आत गेले आणि ते पाचही जण उठून उभे राहिले. एवढंच मला लख्ख आठवतं. दहा दिवसांनी जागा मला मिळाल्याचं कळलं. आमच्यातल्या त्या उंचापुऱ्या जर्मनाने त्या दिवशी माझे कोटातले फोटो काढले, कॅमेऱ्यातला अख्खा रोल संपवला. मी मास्तरांना चार पानी पत्र लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं, "पत्र पावलं. नोकरीबद्दल अभिनंदन. पाठीच्या शिवणीबद्दल काही लिहिलं नाहीत."

आणि मग मार्च महिन्यात मी तो कोट जाळला.

त्या दिवशी बाहेरून पाहुणे यायचे होते आणि मला उशीर झाला होता. कोटाच्या पुढच्या भागावर एक चुणी दिसली. वाफ धरायला वेळ नव्हता. मी इस्त्री सरळ कापडावर टेकवली, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, मी वळले. केस जळल्यासारखा वास आला. डाव्या खिशाखाली इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग उमटला होता, नीट आखून काढावा तसा. मी जमिनीवर बसले. मग उठून स्वेटर घातला आणि गेले. मीटिंग उत्तम झाली. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मास्तरांना कळवायला हवं होतं. दर रविवारी ठरवायचे, आज आप्पांना सांगते. पण डोळ्यांसमोर बसमध्ये हँगर धरून उभे असलेले मास्तर यायचे. सांगितलं तर हा माणूस अन्न सोडील असं वाटायचं. फोटोची तारीख जवळ आली. माझ्याकडे जागा मिळाली त्या दिवसाचा अख्खा रोल होता. मी त्यातले चार फोटो निवडून पाठवले आणि खाली लिहिलं, "कोट उत्तम आहे." तीन महिन्यांनी आणखी चार. मग आणखी चार. पुढच्या रजेत पुण्यात आले तेव्हा आप्पा म्हणाले, मास्तरांना भेटून ये. बोळाच्या तोंडापर्यंत गेले. दुकानाच्या पायरीवर मास्तर बसलेले दिसले, गळ्यात टेप, नजर रस्त्याकडे. मी मागे वळले आणि घरी येऊन ताप आल्याचं सांगितलं.

परत गेल्यावर त्यांचं कार्ड आलं. "फोटो पावले. कोपर कोरं आहे. आपली तब्येत ठीक आहे ना?"

कोट रोज वापरला की कोपराला कायमची सुरकुती बसते, वर्षभराच्या कोटाचं कोपर कोरं राहत नाही, हे मला सुचलंच नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं. माझा खोटेपणा पकडून ते सभ्यपणे तब्येत विचारत होते. मी उत्तर दिलं नाही. फोटोही बंद केले. पाठोपाठ संगणकाच्या धंद्यात मंदी आली, परदेशी गेलेली मुलं भराभर परत यायला लागली, आणि माझ्यामागे इतकी कामं लागली की मास्तरांना विसरायला मला चांगलं कारण मिळालं. विसरले मात्र नाही. आप्पा फोनवर सांगायचे, "मास्तर अधूनमधून वारज्याला येतात हं. तासभर बसतात. मुलगी काय म्हणते विचारतात आणि जातात. कोटाची फार आठवण येते बहुतेक त्यांना." मी घाईने विषय बदलायचे.

दोन वर्षांनी, एका डिसेंबरात, मी जळका कोट पिशवीत घालून पुण्याला आले आणि विमानतळावरून घरी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. मास्तर खूप थकले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सुई आता काकू ओवून द्यायच्या. मी कोट टेबलावर उलगडला.

त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. "हे कधी झालं?"

"पहिल्याच वर्षी, मास्तर. मार्चमध्ये. मी इस्त्री फिरवली. माझं चुकलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून जुने फोटो पाठवत राहिले."

"म्हणजे कोट घालत नव्हतात ते यामुळे?"

"हो."

"नोकरी आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. "नोकरी? आहे की. आता चौदा जण आहेत माझ्या गटात."

मास्तर खाली बसले. मला वाटलं, त्यांना काहीतरी होतंय. मग त्यांनी पडद्याच्या दिशेने मान वळवून मोठ्याने हाक मारली, "अगं ए! अगं बाहेर ये! कोट जळलाय नुसता!"

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं हा माणूस मला म्हणतोय, मुलीची नोकरी गेली, ती आईवडलांपासून लपवून परमुलखात एकटी राहतेय. कोट घालायला जागाच उरली नाही तिला. वारज्याला जायचे ते तुझ्या आप्पांना काही कळलंय का ते बघायला. त्यांना तर काही माहीत नाही म्हणून तोंड उघडायचे नाहीत. आणि घरी येऊन माझं डोकं खायचे."

मी मास्तरांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले. "इस्त्री ना? फक्त इस्त्री?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते आणि हसत होते. मग उठले, मशीनच्या खणात हात घातला आणि घडी पडलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर त्यांच्या अक्षरात तीन नावं होती आणि फोन नंबर. तिघंही त्यांची जुनी गिऱ्हाइकं, इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर.

"बोलून ठेवलं होतं तिघांशी," मास्तर म्हणाले. "तुम्ही परत आलात की लगेच जाऊन भेटायचं, असं. म्हटलं मुलगी हुशार आहे, बोलताना डावा हात हलवते."

"आता लागणार नाही, मास्तर."

"ठेवून घ्या. चौदा जण आहेत म्हणता ना?" त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एवढ्यात मावळलं होतं. "त्यांच्यातल्या कुणाची गेली तर?"

ती गेली. फेब्रुवारीत वरून हुकूम आला आणि मला माझ्या गटातली दोन माणसं कमी करावी लागली. त्यांतला एक तिथलाच होता. दुसरा सोलापूरकडचा, नुकतं लग्न झालेला. त्याला समोर बसवून ही बातमी देणं हे मी नोकरीत केलेलं सगळ्यांत वाईट काम. तो पुण्याला परतला. मी कागदावरच्या पहिल्या नंबराला फोन लावला आणि मास्तरांचं नाव सांगितलं.

"आलात का शेवटी?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "अहो, दोन वर्षं विचारतायत ते. दर कोटाच्या ट्रायलला तुमचा विषय."

"मी नाही येत," मी म्हटलं. "मी ठीक आहे. माझ्याकडून एक जण पाठवते."

मग ते म्हणाले, "मास्तरांना विचारलंत ना? मग पाठवा."

मुलाला तिथे काम मिळालं. मी मास्तरांना तसं कळवलं. त्यांचं कार्ड आलं, अक्षर आता खूप वाकडं झालं होतं. ते त्यांचं मला आलेलं शेवटचं कार्ड. "आनंद झाला. मुलगा मुलाखतीला काय घालून गेला होता ते कळवावे."

मी त्याच दिवशी मुलाला फोन करून त्याचा त्या दिवशीचा फोटो मागवला. पोचल्यावर खिडकीपाशी उजेडात नेऊन नीट बघितला. मग मास्तरांना लिहिलं, "पांढरा शर्ट, बाह्या पूर्ण. उजवा खांदा थोडा ओढतोय. बाकी ठीक आहे."